घड्याळजीच्या मुशीतले पाते

मिटणारा इंग्रजी चाकू पारखण्याची जाणकारांची एक जुनी रीत आहे. पाते अर्धवट उघडायचे, मग सावकाश मिटवायचे आणि कान द्यायचा. चाकू चांगला असेल तर शेवटच्या टप्प्यावर पाते बोटांतून ओढून घेतल्यासारखे मुठीत शिरते आणि टक असा कोरडा, स्वच्छ आवाज होतो. मुठीच्या पाठीत बसवलेल्या पोलादी कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, हा आवाज. या चाकूला ना खटका असतो, ना कळ. उघडलेले पाते उघडे राहते आणि मिटलेले मिटून राहते ते केवळ त्या कमानीच्या ताणावर. पात्याने धार धरायची आणि कमानीने हजारो वेळा वाकून पुन्हा सरळ व्हायचे, एवढ्या दोनच गोष्टींवर या वस्तूची सारी प्रतिष्ठा उभी आहे. हे दोन्ही गुण पोलादाच्या अंगी असावे लागतात. आणि अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात मिळणाऱ्या पोलादाचा त्याबाबत काही भरवसा नव्हता. तो भरवसा ज्याने मिळवून दिला तो चाकू करणारा नव्हता आणि लोहारही नव्हता. बेंजामिन हंट्समन हा घड्याळजी होता.

लिंकनशर परगण्यातील एपवर्थ या गावी १७०४ च्या जून महिन्यात एका क्वेकर शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच गावात आदल्याच वर्षी जन्मला होता. सखल, दलदलीने वेढलेल्या या आडगावाने लागोपाठच्या दोन वर्षांत इंग्लंडला दोन असे पुरुष दिले, की एकाने माणसांची मने वितळवली आणि दुसऱ्याने पोलाद. वेस्लीच्या आयुष्याची बारीकसारीक नोंद त्याच्या रोजनिशीत सापडते. हंट्समनने मात्र आपल्यामागे फारसे लिहून ठेवले नाही. साधी राहणी, मितभाषण आणि मोठेपणाच्या प्रदर्शनाचा तिटकारा ही क्वेकर घराची शिकवण त्याने जन्मभर पाळली, इतकी की त्याने स्वतःचे चित्रसुद्धा काढू दिले नाही. त्यामुळे आज त्याचा चेहरा कसा होता हे कोणालाही सांगता येत नाही.

चौदाव्या वर्षी त्याला एका घड्याळजीकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. एकविसाव्या वर्षी, १७२५ मध्ये, त्याने यॉर्कशरमधील डॉन्कास्टर येथे स्वतःचे दुकान थाटले. घड्याळे करणे आणि दुरुस्त करणे, कुलपे बनवणे, कारागिरांना लागणारी बारीक हत्यारे घडवणे असा त्याचा व्यवसाय होता. हात इतका हलका की शेजारीपाजारी डोळ्यांचे विकार आणि किरकोळ शस्त्रक्रियांसाठीही त्याच्याकडे येत आणि या सेवेचा तो मोबदला घेत नसे, असे सांगतात. चाकू, कात्री, नश्तर, करवत, घड्याळाची कमान या सगळ्यांशी एकाच माणसाचा रोजचा संबंध यावा, हा योग पुढे महत्त्वाचा ठरला. पोलादाची खोड त्याला एका नव्हे, दहा धंद्यांच्या बाजूंनी कळत होती.

ही खोड काय होती, ते समजून घेतले पाहिजे. त्या काळी पोलाद वितळवून तयार करत नसत. स्वीडनहून आलेल्या शुद्ध घडीव लोखंडाच्या कांबी दगडी पेट्यांत लाकडी कोळशाच्या भुकटीत पुरायच्या, पेट्या लिंपून बंद करायच्या आणि आठवडाभर भट्टीत तापवत ठेवायच्या. कोळशातला कार्बन हळूहळू लोखंडात शिरे आणि त्याचे पोलाद होई. बाहेर काढलेल्या कांबीच्या अंगावर फोड आलेले असत, म्हणून या पोलादाला फोडाचे पोलाद म्हणत. दोष असा की कार्बन कांबीच्या पृष्ठभागाजवळ जास्त आणि गाभ्यात कमी मुरे. शिवाय मूळ लोखंडातली मळी तंतूंच्या रूपाने तशीच आत अडकून राही. अशा कांबी जुडगा करून पुन्हा पुन्हा ठोकल्या म्हणजे माल थोडा एकजीव होई, पण थोडाच. त्यातून घडवलेले पाते टोकाशी उत्तम कापे आणि मध्ये बोथट होई. एका जागी लवे, दुसऱ्या जागी तडकन तुटे. जर्मनीहून येणाऱ्या पोलादाचीही कथा फारशी वेगळी नव्हती.

सुरी बोथट झाली तर माणूस ती शाणेवर धरतो आणि कामाला लागतो. घड्याळजीला अशी सोय नाही. कमानीत एका ठिकाणी जरी मऊ पोलाद असले, तरी घड्याळ मागे पडते, आणि मळीचा एक तंतू असला तर कमान मोडते. चाकूवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जो दोष नशिबाचा भाग म्हणून स्वीकारला होता, तो घड्याळजीला सहन होण्यासारखा नव्हता. हंट्समनच्या शोधाचे मूळ या असहायतेत आहे.

त्याचा विचार सरळ होता. पोलाद जर पूर्णपणे वितळवले, तर कार्बन रसात सारखा पसरेल आणि हलकी मळी वर तरंगून येईल. पण विचार सरळ असला तरी वाट बिकट होती. पोलाद वितळवायला सुमारे १,६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापणारी भट्टी लागते आणि तितक्या उष्णतेत कित्येक तास पोलादाचे वजन पेलून न तडकणारी, न विरघळणारी मातीची मूस लागते. युरोपात तोवर कोणाकडे अशी व्यवहारोपयोगी भट्टीही नव्हती आणि मूसही नव्हती. १७४० च्या सुमारास हंट्समनने डॉन्कास्टर सोडले आणि शेफिल्डजवळच्या हँड्सवर्थ या खेड्यात बिऱ्हाड केले. दगडी कोळसा जवळ, पोलादाचे गिऱ्हाईकही जवळ. तिथे त्याने किती वेळा मुशी फोडल्या आणि किती रस मातीत सांडला याची मोजदाद नाही. मात्र त्याच्या पश्चात त्या परिसरात खणताना बिघडलेल्या पोलादाचे गोळे जमिनीत पुरलेले सापडत, अशी आठवण मागे राहिली आहे. अपयश लपवण्याची ही रीत त्याच्या मितभाषी स्वभावाला शोभणारीच म्हणायची.

अखेर जी पद्धत सिद्ध झाली ती पुढे दोनशे वर्षे मूलतः तशीच चालू राहिली. जमिनीच्या पातळीखाली विटांचे खोल चूल-खड्डे, त्यांना जोडलेले उंच धुराडे आणि त्या धुराड्याच्या ओढीनेच फुलणारा कोकचा निखारा. भात्याची गरज नाही. खड्ड्यात मूस ठेवायची, ती तापून पांढरी झाली की फोडाच्या पोलादाचे तुकडे आत सोडायचे, झाकण घालायचे आणि तीन-चार तास कोक भरत राहायचे. मग ओल्या गोणपाटात पाय गुंडाळलेला कामगार खड्ड्यावर दोन्ही बाजूंनी पाय रोवून उभा राही आणि लांब सांडशीने ती धगधगती मूस उचलून बाहेर काढी. वरची मळी दूर सारून दुसरा कामगार रस बिडाच्या साच्यात ओती. धार साच्याच्या भिंतीला न लागू देता नेमकी मधोमध सोडण्यात सारे कसब होते. या कामाला तापमापक नव्हता. रस तयार झाला की नाही हे अनुभवी डोळा ठरवी. मुशीची माती तर पुढच्या काळातही कामगार अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत, कारण मातीतला लहानसा खडाही तळव्याला कळतो, यंत्राला कळत नाही.

साच्यातून निघालेली कांब आरपार एकसारखी होती. तिच्यापासून ठोकून केलेले पाते मुळापासून टोकापर्यंत सारखी धार धरी आणि कमान सारख्या ताणाने वाकून परत येई. घड्याळजीचा प्रश्न सुटला. आता शेजारीच असलेल्या शेफिल्डच्या कारागिरांनी त्याच्या दाराशी रांग लावायला हवी होती.

तसे घडले नाही. शेफिल्डच्या चाकूंचा लौकिक तेव्हाच चारशे वर्षांचा झालेला होता. चौदाव्या शतकात चौसरने आपल्या एका कथेत गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफिल्डचा चाकू खोचला आहे, आणि १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तिथल्या कारागिरांचा संघ स्थापन झाला होता. कोणी पाती घडवी, कोणी नद्यांच्या पाण्यावर फिरणाऱ्या शाणांवर ती घासून धार लावी, तर कोणी शिंग, हाड किंवा हस्तिदंताच्या मुठीत पाते व कमान बसवी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाठीत कमान असलेला मिटणारा चाकू तिथे चांगलाच रुळला होता. पिसाच्या लेखणीला टोक काढण्यासाठी शिकल्यासवरल्या माणसाला तो रोज लागे, म्हणून त्याला लेखणीचा चाकू असे नाव पडले आणि लेखणी बदलली तरी नाव टिकून राहिले.

या कारागिरांनी हंट्समनचे पोलाद हाताळून पाहिले आणि नाकारले. ते फार कठीण होते. नेहमीच्या पोलादाइतके तापवले तर हातोड्याखाली त्याचे तुकडे होत आणि कमी तापवले तर ठोकून मनगटे दुखत. लोखंडाशी त्याचा सांधाही सहज बसेना. कारागिराला मजुरी नगावर मिळे. ज्या वेळात दहा पाती व्हायची त्यात सहा झाली, तर नुकसान त्याचे. त्यांना हटवादी ठरवणे सोपे आहे आणि पुढच्या चरित्रकारांनी ते केलेही. पण ज्याच्या चुलीवरचे भांडे पात्यांच्या संख्येवर शिजते, त्याने नव्या धातूकडे संशयाने पाहावे यात अस्वाभाविक काही नाही. विलक्षण गोष्ट अशी, की त्याच सुमारास, १७४३ मध्ये, शेफिल्डचाच थॉमस बोल्सोव्हर चाकूची मूठ दुरुस्त करता करता तांब्यावर चांदीचा पत्रा जोडण्याची युक्ती शोधून बसला होता. ती युक्ती मात्र गावाने उचलून धरली. चमकणारी गोष्ट पटकन पटते, कापणारी गोष्ट पटायला वेळ लागतो.

घरचे गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा हंट्समनने आपले पोलाद फ्रान्सला पाठवायला सुरुवात केली. फ्रेंच कारागिरांनी ते कसे हाताळायचे हे शिकून घेतले आणि त्यातून बनवलेले चाकू व वस्तरे शेफिल्डच्या मालापेक्षा सरस ठरू लागले. तो माल इंग्लंडात येऊ लागल्यावर मात्र शेफिल्डच्या पोटात गोळा उठला. परंपरेने सांगितली जाणारी हकिगत अशी, की गावातील चाकू-कारखानदार एकत्र जमून यॉर्कशरचे लोकप्रतिनिधी सर जॉर्ज सॅव्हिल यांच्याकडे गेले आणि या पोलादाच्या निर्यातीवर बंदी घाला म्हणून त्यांनी गाऱ्हाणे घातले. जे पोलाद तुम्ही स्वतः वापरायला तयार नाही ते त्याने दुसऱ्याला विकू नये, ही मागणी सॅव्हिल यांना पटली नाही. सॅव्हिल पार्लमेंटमध्ये निवडून आले ते १७५९ मध्ये. म्हणजे ही हकिगत खरी धरली, तर शोध लागून वीस वर्षे उलटली तरी शेफिल्ड आपल्याच शेजाऱ्याशी भांडत होते. गॅब्रिएल जार्स हा फ्रेंच धातुतज्ज्ञ १७६५ मध्ये इंग्लंडच्या पाहणीवर आला, तेव्हा वस्तरे, घड्याळाच्या कमानी अशा निवडक बारीक कामांसाठीच ओतीव पोलाद वापरले जाते, असे चित्र त्याला दिसले.

फ्रेंच चाकूंनी जे शिकवले ते शेफिल्डने अखेर मान्य केले, पण मानी कारागिरांना शेजाऱ्याकडून विकत घेण्यापेक्षा त्याचे गुपित मिळवणे अधिक सोयीचे वाटले असावे. हंट्समनने आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले नव्हते. पेटंट घ्यायचे तर कृती कागदावर उतरवावी लागते, आणि कागदावर उतरलेली कृती गुपित राहत नाही. त्याऐवजी त्याने कामगारांकडून मौनाचे वचन घेतले आणि बहुतेक काम रात्री चालवले, असे सांगतात. ही भिंत फोडल्याची जी कथा सर्वतोमुखी झाली ती अशी: हिवाळ्याच्या एका कडाक्याच्या रात्री चिंध्या पांघरलेला एक भिकारी भट्टीच्या दाराशी कुडकुडत आला, कामगारांनी दयेने त्याला उबेला बसू दिले आणि झोपेचे सोंग घेऊन त्याने सगळी क्रिया नजरेत साठवली. तो भिकारी म्हणजे ग्रीनोसाइडचा ओतकाम व्यावसायिक सॅम्युएल वॉकर. सॅम्युएल स्माइल्सच्या १८६३ मधील चरित्रग्रंथामुळे हंट्समनच्या हकिगती घरोघर पोचल्या. कथा रंगतदार आहे, पण तिच्यावर विश्वास ठेवणे जड जाते. मुशीची माती कोणती, ती कशी मळायची, रस कधी ओतायचा, या गोष्टी एका रात्रीत मिचमिच्या डोळ्यांनी पाहून कोणाला येत नाहीत. अधिक संभव असा, की गुपित हळूहळू, कामगारांच्या तोंडून आणि कामगारांच्या पायांनी, एका भट्टीतून दुसऱ्या भट्टीत गेले. एवढे खरे, की हंट्समनच्या हयातीतच इतरांच्या भट्ट्यांतूनही ओतीव पोलाद निघू लागले होते.

गुपित फुटल्याने तो बुडाला नाही. १७५१ मध्ये त्याने शेफिल्डच्या अ‍ॅटरक्लिफ भागात मोठा कारखाना उभारला. मालाच्या दर्जावर त्याचे नाव चालत राहिले. १७५७ मध्ये बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन त्याच्याकडे पत्राने पोलाद मागवत होता. पुढे जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला भांडवल आणि कारखाना पुरवणारा तो हाच बोल्टन. रॉयल सोसायटीने हंट्समनला सदस्यत्व देऊ केले होते आणि त्याने ते नम्रपणे नाकारले, अशीही एक परंपरागत माहिती आहे. ज्याने चित्र काढू दिले नाही त्याने मानाची अक्षरे नावापुढे लावू दिली नसतील, हे स्वभावाला धरून आहे. १७७६ च्या जूनमध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, तो वारला. अ‍ॅटरक्लिफच्या हिलटॉप चॅपेलच्या आवारात त्याला पुरले. कारखाना त्याचा मुलगा विल्यम याने पुढे चालवला.

त्याच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी या कथेला एक अनपेक्षित वळण मिळाले आणि ते मुंबईहून आले. मुंबईत कंपनी सरकारच्या सेवेत असलेले डॉ. हेलेनस स्कॉट यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे वूट्झ नावाच्या हिंदी पोलादाचे नमुने धाडले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर सोसायटीपुढे निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे. ते चुकीचे होते, मुंबई केवळ बंदर होती. हे पोलाद दक्षिण हिंदुस्थानातील, आजच्या तेलंगण, तमिळनाडू, कर्नाटकातील खेड्यांत बनत असे. तिथले लोहार लोखंड आणि पालापाचोळा वा लाकूड मातीच्या बंद मुशीत घालून दीर्घकाळ तापवीत आणि सावकाश निवू देत. मुशीतले पोलाद ही कल्पना इथे हंट्समनच्या कित्येक शतके आधीपासून रोजच्या व्यवहारात होती आणि तिच्यावर पश्चिम आशियातील तलवारींची कीर्ती पोसली गेली होती. हंट्समनने आपली वाट स्वतंत्रपणे शोधली. दोन्ही रीतींत मूस समान असली तरी कृती निराळी आहे. पण त्या नमुन्यांची परीक्षा कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. पिअर्सन यांच्या सांगण्यावरून लंडनचा नामांकित हत्यारे बनवणारा जेम्स स्टोडार्ट याने त्या हिंदी पोलादाचे एक पाते घडवले, आणि ते होते लेखणीच्या चाकूचे. स्टोडार्टला ते पोलाद इतके पसंत पडले की शस्त्रवैद्यांची हत्यारेही तो त्यातून करू लागला. पुढे १८१९ पासून त्याने तरुण मायकेल फॅरडे याच्यासह या पोलादाचे रहस्य शोधण्याचे आणि मिश्र पोलादे बनवण्याचे प्रयोग केले. त्यातील मोठ्या प्रमाणावरचे नमुने ओतले गेले ते शेफिल्डमध्येच.

एकोणिसावे शतक हे शेफिल्डच्या खिशातल्या चाकूचे सुवर्णयुग. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या घराण्याने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ७५ पात्यांचा नॉरफोक चाकू मांडला. जॉर्ज वोस्टनहोमचे आय-एक्स-एल छापाचे चाकू अमेरिकेत पेट्या भरभरून जात. मेंढपाळासाठी, माळ्यासाठी, खलाशासाठी, कारकुनासाठी पात्याचा वेगळा आकार ठरला. वस्तऱ्यांवर आणि हत्यारांवर कास्ट स्टील, म्हणजे ओतीव पोलाद, हे शब्द अभिमानाने ठोकले जाऊ लागले. ज्या पोलादाला आजोबांनी हात लावला नव्हता, ते नातवांचे प्रमाणपत्र झाले.

या वैभवाची दुसरी बाजू शाणेवर बसणाऱ्यांच्या छातीत साचत होती. दगडाची आणि पोलादाची बारीक धूळ फुप्फुसांत जाऊन होणाऱ्या रोगाची नोंद शेफिल्डच्या डॉक्टरांनी त्याच काळात केली आहे. कोरड्या शाणेवर काम करणारे तर तिशीच्या आसपासच दगावत. धूळ ओढून घेणारे पंखे उपलब्ध झाले, पण ते बसवण्याची टाळाटाळ कित्येक वर्षे चालली. जुन्या शेफिल्डी चाकूच्या पात्यावरची आरशासारखी चकाकी कोणीतरी श्वास मोजून दिलेली आहे.

१८५६ मध्ये हेन्री बेसेमरची स्वस्त पोलादाची पद्धत जाहीर झाली आणि रूळ, पत्रे, तुळया मुशीच्या हातून गेल्या. चाकू, वस्तरे, कानशी मात्र मुशीतच राहिल्या. १९१३ मध्ये शेफिल्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद बनवले. त्यालाही गावातील चाकूवाल्यांकडून आधी थट्टाच पदरी आली, यात नवल नाही. विजेच्या भट्ट्या आल्यावर मुशी एकेक करून थंड झाल्या.

मिटणारा चाकू अजून संपलेला नाही. १९८८ च्या ब्रिटिश कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धारदार वस्तू बाळगण्यावर निर्बंध घातले, तेव्हा तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, न अडकणारा, मिटणारा खिशातला चाकू त्यातून वगळला; त्याची ती जुनी कमानच त्याच्या कामी आली. हाताने असे चाकू जुळवणारे कारागीर शेफिल्डमध्ये आता मोजकेच उरले आहेत. पाते घासून झाले की ते आजही मूठ कानाजवळ नेतात आणि टक आवाज ऐकतात. शहराच्या नैर्ऋत्येला अ‍ॅबीडेल येथे मुशीची एक भट्टी संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात चांगल्या पोलादाची चणचण भासली तेव्हा ती पुन्हा पेटवली गेली होती. जमिनीतले खड्डे, लांब सांडशा आणि फळीवर वाळत ठेवावीत तशी मांडलेली मातीची भांडी तिथे पाहायला मिळतात.